पावतीबुक

नंदनवनला गेलात तर त्याला भेटल्याशिवाय परत येऊ नका. जगनाडे चौकात उतरायचं, के.डी.के. कॉलेजच्या दिशेने थोडं चालायचं, आणि ज्या फाटकावरच्या टपालपेटीचं तोंड जाड लिफाफ्यांनी कायमचं वासलेलं दिसेल त्या घराची बेल दाबायची. आधी काकू भेटतील. मग चहा भेटेल. नागपुरात चहा मिळत नाही, भेटतो. मग सर भेटतील, कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधत. आणि सरांनी टेबलाचा वरचा खण ओढला की सगळ्यात शेवटी ते भेटेल.

पहिल्या भेटीत ते मनात भरत नाही. लांबीला वीतभर, पाठीला खाकी पुठ्ठा, पोटात पन्नास पावत्या, पन्नास स्थळप्रती आणि निळ्या कार्बनचा एक तुकडा. तो तुकडा इतका वापरलाय की उजेडाकडे धरला तर मागच्या दहा वर्गणीदारांची नावं एकमेकांच्या अंगावर चढलेली दिसतात. कमरेला दोन रबरबँड. एक पुरतो, पण दुसरा मानाचा.

सर एक त्रैमासिक काढतात आणि हे त्याचं पावतीबुक. त्रैमासिकाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही ‘अरे, अजून निघतं का?’ म्हणाल, आणि ते त्याच्या कानावर जाईल. बाकी काहीही ऐकून घेतं, ‘अजून’ हा शब्द त्याला खपत नाही.

नंदनवन म्हणजे मुळात इंद्राची बाग. तिथे कल्पवृक्ष आहे. त्याच्याखाली बसून मनात आणलं की हवं ते हजर. पूर्व नागपुरातल्या नंदनवनात मनात आणायचं आणि पावतीबुक घेऊन उन्हात निघायचं, अशी पद्धत आहे. एका मे महिन्यात कूलरसमोर बसून सरांनी त्रैमासिकाचं मनात आणलं. जाहिराती घ्यायच्या नाहीत, पुढाऱ्याच्या दारात जायचं नाही, अनुदानाचा अर्ज भरायचा नाही. ‘मग पैसे कोण देणार?’ असं काकूंनी विचारलं. सर म्हणाले, ‘वाचणारे देतील.’ काकू हसल्या, आणि त्या हसण्यावर उत्तर म्हणून याचा जन्म झाला. प्रेसवाल्याने पहिल्या अंकाच्या दीड महिना आधी हे छापून दिलं. म्हणजे वयाने ते अंकापेक्षा थोरलं, आणि थोरलेपणा अंगात भिनलेला. अंकाला उशीर झाला की अंकावर चिडतं, पावत्यांना उशीर झाला की वाचकांवर. स्वतःचं कधीच काही चुकत नाही.

जगात सगळ्यांना फाटण्याची लाज वाटते. याला फाटलं की बाळसं चढतं. सरांचा पावती फाडण्याचा एक ढंग आहे. डावा अंगठा टोचे पाडलेल्या रेघेवर दाबायचा आणि उजव्या हाताने एका दमात ओढायचं. ट्रर्र असा आवाज झाला की आतून काकू ओरडतात, ‘किती?’ सर म्हणतात, ‘तीनशे.’ काकू म्हणतात, ‘एकच वर्ष?’ एवढ्या संवादात घराचं अर्थसंकल्पीय अधिवेशन आटोपतं. जितकं जास्त फाटेल तितकं हे सडपातळ होतं आणि तितकंच जास्त मिरवतं. शेवटची पावती गेल्यावर निव्वळ स्थळप्रतींचा सांगाडा उरतो. मग ते पेन्शनीत निघाल्यासारखं कपाटावरच्या ट्रंकेत जातं. ट्रंकेत त्याची बरीच भावंडं आहेत. सगळी बारीक. एक मात्र अर्धवट लठ्ठ आहे. ते कोरोनाच्या वर्षाचं, आणि घरात त्याचा विषय निघत नाही.

त्याला सर्वात जास्त राग येतो तो ‘चंदा’ या शब्दाचा. नागपुरात हातात पावतीबुक घेऊन बेल वाजवणारा माणूस चंदा मागायलाच आलेला असतो, ही सार्वत्रिक समजूत. भाद्रपदात गणपती, आश्विनात शारदा आणि दुर्गा, मधे कुठे भंडारा. त्या मंडळांची पावतीबुकं याची चुलत भावंडं लागतात, पण थाट निराळा. गुळगुळीत कागद, वर देवाची तसबीर, देवाखाली देवापेक्षा मोठे आश्रयदात्यांचे फोटो, आणि सोबत आठ-दहा पोट्टे. ‘काका, मांगच्या साली पाचशे होते, औंदा हजार लिहून राहिलो.’ तिथे आकडा देणारा ठरवत नाही, घेणारा ठरवतो. आमचं हे एकटं निघतं, सरांच्या स्कूटरच्या डिक्कीत, पंक्चरच्या सामानाशेजारी, पावसाळ्यात दुधाच्या पिशवीत. बेल वाजली की पडदा हलतो, आतून ‘घरी कोणी नाही’ असं घरातल्याच माणसाचं उत्तर येतं. मग सर खालूनच ओरडतात, ‘चंदा नाही जी, वर्गणी!’ दार किंचित उघडतं. चंदा माणूस दारातून जावा म्हणून देतात आणि वर्गणी तो तीन महिन्यांनी पुन्हा यावा म्हणून, असा फरक त्याने मनाशी ठरवून टाकलाय. दार उघडणाऱ्यांना हा फरक माहीत असतोच असं नाही.

घराण्याचा अभिमान तर विचारू नका. कुणी ‘लोकांच्या पैशावर अंक काढता’ असं म्हटलं की रबरबँड ताणून ते वंशावळ सांगायला लागतं. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ला मुंबईत ‘दर्पण’ काढलं, तेव्हापासून आमचं घराणं मराठीत नांदतंय, ही सुरुवात. ‘दर्पण’ साडेआठ वर्षं चाललं, हे सांगताना त्याचा आवाज थोडा खाली येतो. घराण्यात अल्पायुषी माणसं फार.

पण खास नागपूरचा पूर्वज निघाला की ते उठून बसतं. श्रीधर व्यंकटेश केतकर. रायपुरात जन्म, अमरावतीत शाळा, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट, आणि परत आल्यावर डोक्यात एकच खूळ: मराठीत ज्ञानकोश. त्या काळात एनसायक्लोपीडिया हे सरकारांचं नाहीतर धनाढ्य प्रकाशकांचं काम. केतकरांकडे दोन्ही नव्हतं. त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात चक्क एक लिमिटेड कंपनी काढली, ज्ञानकोश मंडळ, आणि ती नागपूरच्या नावाने नोंदवली. भाग विकले, ग्रंथ निघण्याच्या आधी वर्गणीदार गोळा केले. न लिहिलेल्या पुस्तकासाठी लोकांनी पैसे मोजावेत म्हणून हा पीएच.डी. झालेला माणूस महाराष्ट्रभर बोलत हिंडला.

आणि वर्गणीदारांच्या हाती पहिलं काय पडलं? प्रस्तावना. एक नाही, पाच खंड प्रस्तावनेचे! ‘हिंदुस्थान आणि जग’, मग वेदविद्या, मग बुद्धपूर्व जग, मग बुद्धोत्तर, मग विज्ञानाचा इतिहास. ‘अ’ अक्षर उजाडलं सहाव्या खंडात. आगाऊ पैसे भरून ‘अ’ची वाट पाहणाऱ्या त्या वर्गणीदारांबद्दल आमच्या पावतीबुकाला अपार आदर आहे. सरांच्या अंकाला पंधरा दिवस उशीर झाला की फोन करणाऱ्यांना त्यांची गोष्ट ऐकवावी, असं त्याला फार वाटतं. मंडळाचं बिऱ्हाड पुढे पुण्याला गेलं (नागपूरची गुणी मंडळी पुण्याला जातातच, हा आणखी एक दुखरा विषय), पण तेवीस खंड पुरे झाले. नंतर केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ नावाचं पुस्तक लिहिलं. ज्ञानकोश मंडळाचाच इतिहास. ज्ञानाचा कोश भरता भरता पैशाचा कोश कसा भरायचा याचा पाठ हवा असेल तर आमच्यातल्या कुणीही ते वाचावं, असं सर म्हणतात. स्वतः वाचून झाल्यावर त्यांनी दुसरा रबरबँड आणला.

अलीकडची भावकीही आहे. १९७४मध्ये मुंबईत दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ‘ग्रंथाली’ काढली आणि तिला प्रकाशनसंस्था न म्हणता वाचक चळवळ म्हटलं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८मध्ये तिथूनच आलं. आणि अगदी घरातला म्हणजे ‘आजचा सुधारक’. आगरकरांनी १८८८मध्ये काढलेल्या ‘सुधारक’चं नाव घेऊन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांडे यांनी तो एप्रिल १९९०मध्ये नागपुरात सुरू केला. पुढे दिवाकर मोहनी, नंदा खरे अशा संपादकांनी तो खांद्यावर घेतला. विवेकवाद हा काही बसस्टँडवर खपणारा माल नव्हे, तरी वर्गणीदारांच्या भरवशावर तो कागदावर पाव शतकाहून जास्त काळ निघाला. मोहनींना मराठी लिपीचं वेड होतं. आमचं पावतीबुक त्यांच्या हाताला लागलं असतं तर ‘अक्षरी रुपये’ या दोन शब्दांच्या ठशावरून त्याची तासभर हजेरी घेतली गेली असती.

सिनेमात त्याला एकच सिनेमा माहीत आहे, ‘मंथन’. श्याम बेनेगलांच्या १९७६च्या त्या चित्रपटाला गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले होते. ‘पाच लाख पावत्या!’ एवढं एकच त्या सिनेमाबद्दल त्याला सुचतं. गोष्ट काय आहे ते त्याने अजून विचारलेलं नाही.

आता त्याच्या तोऱ्याबद्दल. मागतं, पण मिंधं होत नाही. लहान रकमेला ते लवतं, मोठ्या रकमेला ताठ होतं. एकदा वस्तीतले एक बिल्डर भाऊ आले. मनाने चांगले. म्हणाले, ‘सर, काऊन असे दारोदार हिंडता? एक अंक माझ्याकडून. पूर्ण. किती लागते सांगा.’ सरांनी भीत भीत आकडा सांगितला. भाऊंनी तो ऐकून वर पाच हजार टाकले. सरांनी पावतीबुक उघडलं, नाव लिहिलं, आकडा लिहिला, ‘अक्षरी’ला सुरुवात केली. तेवढ्यात भाऊ म्हणाले, ‘मांगच्या कव्हरवर आमच्या बाबांचा फोटो टाकून घ्या न. छोटासा.’

सर लिहायचे थांबले. सरळ नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी कारण शोधलं आणि ते पावतीबुकानेच पुरवलं: पाच हजारांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावावं लागतं, आणि घरात स्टॅम्प नव्हतं. कधीच नव्हतं. इतक्या वर्षांत त्याची गरज पडली नव्हती. ‘आणून ठेवतो, मग या,’ सर म्हणाले. भाऊ समजले, नागपूरचा माणूस समजायला वेळ लावत नाही. जाताना त्यांनी एक वर्षाची वर्गणी भरली आणि हसत पावती खिशात घातली. मोठ्या रकमेची ती पावती दोन्ही प्रतींसकट ‘रद्द’ असा तिरका शेरा मारून जागच्या जागी टाचलेली आहे. नवीन पाहुणा आला की पावतीबुक नेमकं त्याच पानावर उघडतं. चुकून.

गंमत म्हणजे हा तोरा ऐतिहासिक पुराव्याने टिकत नाही. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२०ला ‘मूकनायक’ काढला तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते, आणि त्या काळचे अडीच हजार म्हणजे काय रक्कम! हा मुद्दा मी एकदा काढून पाहिला. सर म्हणाले, महाराजांनी कव्हरवर फोटो मागितला होता का? विषय संपला.

आंबेडकरांचं नाव निघालंच आहे तर त्याच्या मनातली खरी धास्ती सांगतो. वरून ताठ दिसणारं हे बाड आतून कर्जात आहे. वर्गणी म्हणजे उत्पन्न, असं तुम्हाला-मला वाटतं. तसं नाही. वाचकाने तीनशे रुपये दिले त्या क्षणी सर त्याचे चार अंकांचे देणेकरी झाले. एक अंक द्यावा तेव्हा पाऊण देणं उरतं. आणि तीनशे थोडेच चार ठिकाणी बांधून ठेवता येतात? प्रेसवाला कागदाचे पैसे आधी मागतो. चौथ्या अंकाची रक्कम दुसऱ्या अंकाच्या रिमांमध्ये गेलेली असते. वर टपाल. वर्तमानपत्रांना टपालात जी सवलत, ती ३१ दिवसांच्या आत निघणाऱ्यांसाठी. तीन महिन्यांनी उगवणाऱ्याला ती नाही. चौथा अंक मग पुढच्या वर्षीच्या वर्गणीवर निघतो, म्हणजे ज्यांनी अजून दिले नाहीत त्यांच्या पैशावर. रात्री कूलरच्या वाऱ्याने खणातली पानं फडफडतात, तेव्हा ते हाच हिशेब करत असतं अशी काकूंची समजूत आहे.

या हिशेबाला उलटं करून दाखवणारा एकच माणूस त्याला माहीत आहे. ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ला सुरू झालं. रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहीत होते, आणि वाचक असे की ज्यांच्या खिशात वर्गणी नव्हती. पहिलं वर्ष पुरं होण्याआधी त्यांनी लेख लिहिला, ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ १९२८ची गोष्ट. म्हणजे पत्राने वाचकांचं देणं लागायचं सोडून, वाचक पत्राचं काही देणं लागतात की नाही, असा रोकडा सवाल. पत्र पुढे १९२९मध्ये बंद पडलं. पण सवाल बंद झाला नाही. थकलेल्या वर्गणीदाराला पत्र लिहायला बसलं की सरांच्या मनात तेच वाक्य येतं, आणि हातून मात्र ‘कृपया सवडीने’ एवढंच उतरतं.

म्हणूनच दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्याची वारी दीक्षाभूमीला असते. तिथे पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतात. आमचं हे एका ओळखीच्या स्टॉलच्या कोपऱ्यात, चादरीवर, अंकांच्या गठ्ठ्याशेजारी मांडी घालून बसतं. नंदनवनात बेल वाजवून जे मिळत नाही ते तिथे न बोलावता येतं. यवतमाळकडची एक बाई आली, दोन अंक उभ्याउभ्या चाळले, पदराची गाठ सोडली आणि म्हणाली, ‘वर्षाची फाडा.’ नाव पोराचं सांगितलं. मग पत्ता: मुक्काम अमुक, पोस्ट तमुक, तालुका, जिल्हा, शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ. पावतीवरची पत्त्याची ओळ शहरातल्या माणसाने आखलेली. फ्लॅट नंबर मावेल एवढीच. सरांनी पाण्याची टाकी पावतीच्या मागच्या बाजूला लिहिली. स्थळप्रतीवर ती उमटली नाही, म्हणून तिथे वेगळी लिहिली. त्या दिवसाच्या स्थळप्रती ओळखू येतात. सगळ्या दोन्ही बाजूंनी भरलेल्या असतात आणि मधूनमधून त्यांना चुरमुऱ्याचं तेल लागलेलं असतं.

जुन्या काळचा त्याचा जिवलग म्हणजे मनिऑर्डर. पोस्टमन दारात पैसे मोजून द्यायचा आणि फॉर्मचं कुपन हातात ठेवायचा. त्या कुपनावर संदेशासाठी दोन-तीन ओळींची जागा असायची. पैसे भरणारा मराठी वाचक एवढी मोकळी जागा वाया घालवेल होय? ‘वर्गणी पाठवत आहे. कविता कमी करा.’ ‘मागील अंकात शुद्धलेखनाच्या अकरा चुका. यादी स्वतंत्र पत्री.’ ‘तुमचे संपादकीय पटले नाही, तरी रु. १०० सोबत.’ या शेवटच्याला तर त्याने मनात चौकट केली आहे. फुकट अंक मिळणारे छान छान म्हणायचे; शिव्या पैशांसोबतच यायच्या, आणि सर त्या जपून ठेवायचे. टपाल खात्याने २०१५मध्ये जुनी मनिऑर्डर बंद केली. १८८०पासूनची होती. कुपनांचा गठ्ठा ट्रंकेत पावतीबुकांच्या उशाशी आहे.

आणि आता घरात सवत आली आहे. सरांच्या नातीने फाटकाच्या आत, तुळशीच्या वर, काळ्या चौकड्यांचा क्यूआर कोड चिकटवला. ‘आजोबा, स्कॅन केलं की झालं.’ झालंच. पैसे यायला लागले. फोन ‘टिंग’ करतो, काकू ‘किती?’ विचारतात, सगळं तेच. पण पहिल्या आठवड्यात तीनशे रुपये आले आणि कुणाचे ते कळेना. नावाच्या जागी एका किराणा दुकानाचं नाव आणि चार आकडे. पत्ता नाही. अंक पाठवायचा कुठे? सर तीन दिवस अस्वस्थ. नातीने नव्हे, शेवटी पावतीबुकानेच वाट काढली: सरांनी ‘श्री. अज्ञात, रु. ३००, अंक देणे बाकी’ अशी पावती लिहिली आणि न फाडता ठेवली. वर्षभराने ते दुकानदार स्वतःच भांडायला आले, ‘पैसे घेऊन अंक पाठवत नाही, काय जी!’ त्या दिवशी याची कॉलर ताठ. पैसे घेणं कुणालाही येतं हो, नाव विचारणं येत नाही, असं काहीसं ते त्या क्यूआर कोडकडे पाहत पुटपुटलं असावं. हल्ली दोघांत तह झालाय: पैसे तिथे, पावती इथे.

नावाच्या बाबतीत ते फारच हळवं. वर्गणीदारही तसेच. ‘देशपांडे’मधला ‘पां’ ऱ्हस्व दिसला म्हणून एका गृहस्थांनी पावती परत पाठवली होती. ‘पां’ ऱ्हस्व कसा दिसू शकतो हे अजून घरात कुणाला कळलेलं नाही, पण नवीन पावती गेली. आडनावाआधी ‘प्रा.’ राहिला तर फोन येतो. अंकात काय छापलंय ते चार महिन्यांनी वाचतील, पावतीवर काय लिहिलंय ते उभ्याउभ्या.

जगनाडे चौकाजवळ राहतो याचं त्याला कोण कौतुक. संताजी जगनाडे मूळ चाकणचे, धंद्याने तेली, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. त्यांनी तुकोबांचे अभंग वहीत उतरवून घेतले. गाथा इंद्रायणीत बुडवल्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पावतीबुकाच्या लेखी त्या कथेचा अर्थ साधा आहे: मूळ प्रत पाण्यात गेली तरी संताजींकडे स्थळप्रत होती. चौकातून स्कूटर वळली की डिक्कीत खुडबुड ऐकू येते ती नमस्काराची, असं मी म्हणतो. सर म्हणतात, पान्हा सैल झालाय.

त्याला एकच प्रकार पूर्ण नामंजूर आहे: आजीव वर्गणी. सुरुवातीला घ्यायचे. एकदाच भरघोस रक्कम यायची, ती एका अंकात उडायची आणि माणूस जन्मभर फुकट. सर कंटाळून म्हणायचे, आजीव म्हणजे कुणाच्या जिवाचं, तेवढं आधी ठरू द्या. त्यांनी छापील पावतीवरचा ‘आजीव’ हा चौकोन पेनाने खोडायला सुरुवात केली. प्रत्येक पावतीवर, एकेक करून.

मी गेलो होतो त्या दिवशी हसनबागकडून एक काका आले होते. वय चौऱ्याऐंशी, काठी, डोक्याला दुपट्टा. फाटकातल्या क्यूआर कोडकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. खुर्चीत बसून दोन मिनिटं श्वास घेतला आणि म्हणाले, ‘आजीव घ्या.’

‘आजीव बंद केली जी,’ सर म्हणाले.

‘मंग तीन वर्षांची फाडा.’

सरांनी पेन उघडलं, काकांकडे पाहिलं, आणि लिहायला जरा वेळ लावला. ‘काका, एक वर्षाची करू न आत्ता. पुढची पुढे पाहू.’

काका हसले. दात नव्हते, तरी हसू आख्खं होतं. ‘माझी फिकीर करू नका. मी राहतो. तुमचा अंक राहते का, ते पाहा.’

सरांनी मुकाट्याने नऊशे लिहिले, अक्षरी रुपये नऊशे फक्त. ट्रर्र. आतून काकू ओरडल्या, ‘किती?’ कुणी उत्तर दिलं नाही. काकांनी पावती डोळ्यांजवळ धरली, वरपासून खालपर्यंत वाचली, मग परत टेबलावर ठेवली.

‘तारीख राहिली,’ ते म्हणाले.